दरबारी दर्जाचे मालीशवाले

दिल्लीतल्या एका मित्राने मध्यंतरी मला ठासून सांगितले की, चिनी लोकांचे ते प्रसिद्ध मालीश मुळात आपले. पुरावाही पुढे केला. सातव्या शतकातला थोर चिनी वैद्य सुन सिमियाओ याच्या 'छ्येनचिन याओफांग' या ग्रंथात 'भारताची मालीशपद्धती' असा मथळा आहे आणि ही ब्राह्मणांची रीत, अशी पुस्तीही त्याला जोडलेली आहे.

पुरावा खोटा नाही. पण मथळ्याखाली काय आहे ते मी पाहिले, तेव्हा थोडा हिरमोड झाला. तिथे १८ हालचाली सांगितल्या आहेत. हात धुताना पिळतो तसे दोन्ही हात एकमेकांत पिळायचे, जड धनुष्य ओढल्यासारखे बाहू ताणायचे, मूठ वळून समोर ठोसा द्यायचा, जमिनीवर हात टेकून वाघासारखे मागे वळून पाहायचे, उलट्या हाताने स्वतःचीच पाठ बडवायची. म्हाताऱ्या माणसाने हे रोज तीनदा केले, तर महिन्याभरात तो धावत्या घोड्याला गाठेल, असे आश्वासनही आहे. यात तेल नाही, दुसऱ्या कोणाचा हात नाही. आपण ज्याला अभ्यंग म्हणतो त्याचा मागमूस नाही. हा व्यायाम आहे. त्या काळच्या चिनी वैद्यकात अंग चोळणे आणि अंग ताणणे या गोष्टी शेजारी शेजारी नांदत होत्या, म्हणून हे मालीशच्या नावाखाली बसले. मथळ्यावरून एवढे नक्की समजते की, त्या काळी चीनमध्ये भारताच्या नावाला वजन होते. त्यापुढे जायला मी तयार नाही.

मला खरा धक्का बसला तो दुसऱ्याच एका नोंदीने. थांग राजवटीच्या राजवैद्यक कार्यालयात मालीशचा वेगळा विभाग होता. त्यात १ अध्यापक, ४ मालीशतज्ज्ञ, १६ कारागीर आणि १५ विद्यार्थी. अध्यापक नवव्या दर्जाचा अधिकारी. म्हणजे दरबारी उतरंडीतली सर्वांत खालची पायरी, पण पायरी खरी. मोडलेले आणि निखळलेले हाड बसवणे हेही याच विभागाचे काम. आपल्याकडच्या जुन्या वाङ्मयात अंग रगडणारा भेटतो तो 'मृच्छकटिका'तला संवाहक. बिचारा सांगतो की, हौसेने कला म्हणून शिकलो आणि आता तीच पोटासाठी करावी लागते. पुढे तो जुगारात बुडतो आणि शेवटी बौद्ध भिक्षू होतो. कला दोन्हीकडे आहे, हुद्दा एकीकडेच.

तो हुद्दाही टिकला नाही. मिंग काळात, १५७१ साली, राजवैद्यक संस्थेच्या १३ शाखांतून मालीश वगळले गेले. परक्या देहाला, विशेषतः स्त्रीच्या देहाला, हात लावण्याचा सभ्य लोकांना वाटणारा संकोच हे एक कारण सांगतात. मग मोठ्यांचे मालीश न्हाव्यांकडे आणि हमामखान्यांत गेले. वैद्यांच्या हाती उरली मुले. मूल कडू काढा थुंकते, सुईला घाबरते; चोळणे मात्र सोसते. १६०१ च्या 'चनचिउ ताछंग' या सुईचिकित्सेच्या जाडजूड ग्रंथातही बालमालीशचे एक पुस्तक समाविष्ट आहे. अंगठ्याची कड चोळली की पचन सुधारते, अशी त्याची तऱ्हा. 'तुईना' हे आजचे नाव (तुई म्हणजे ढकलणे, ना म्हणजे पकडणे) रूढ झाले तेही या बालचिकित्सेतूनच. राजाने टाकलेली विद्या पाळण्याशेजारी वाढली म्हणा ना!

सरकारी छत्र पुन्हा मिळाले ते विसाव्या शतकात. शांघायमध्ये १९५६ साली प्रशिक्षणवर्ग निघाला, दोन वर्षांनी शाळा. तिथल्या परंपरेत अंगठ्याचे टोक मिनिटाला १२० ते १६० वेळा झुलवत एकाच जागी दाब देतात. विद्यार्थी आधी महिनोन्‌महिने तांदळाच्या पिशवीवर हात बसवतात, माणूस नंतर.

उपयोगाचे म्हणाल, तर कंबरदुखीत आणि आखडलेल्या मानेत काही काळ आराम पडतो असे चाचण्या सांगतात. मात्र त्यांतल्या बऱ्याच चाचण्या लहान आणि ढिसाळ आहेत. मोठ्या आजारांवरच्या दाव्यांवर मी विश्वास ठेवत नाही. हाडे ठिसूळ असतील, पायाच्या शिरेत गुठळी असेल, तर रगडून घेणे धोक्याचेच. आणि मानेला कोणी झटका देऊ लागला तर उठून चालू लागावे.

मित्राला हे सगळे लिहून पाठवले, तेव्हा मला आमच्या कोकणातल्या घरी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणारी मावशी आठवली. पाय पसरून पाटावर बसायची, बाळाला नडग्यांवर पालथे घ्यायची आणि कोमट खोबरेल तेलाने मानेपासून टाचेपर्यंत चोळायची. धाकट्या भावाचे कोपर निखळले होते ते तिने नुसत्या बोटांनी ओळखले आणि बसवलेही. बाराव्या दिवसानंतर तिला खण-नारळ, शेरभर तांदूळ आणि वर थोडे पैसे मिळत. हे ती कुठे शिकली, असे आमच्या घरात तिला कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. मीही विचारले नाही.