क्वार्टरबॅकची निवड, अमेरिकन फुटबॉलमधील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्यावसायिक फुटबॉल संघ महाविद्यालयीन खेळाडूंमधून दरवर्षी नव्या खेळाडूंची क्रमवार निवड करतात. ‘ड्राफ्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या निवडसत्रात असामान्य गुणवत्तेचा, परंतु अपरिपक्व, दुखापतग्रस्त अथवा अल्प अनुभवाचा तरुण क्वार्टरबॅक घ्यावा की घेऊ नये, हा प्रश्न संघचालकांपुढे वारंवार उभा राहतो. एका निवडीने संघाचे दहा-पंधरा वर्षांचे भवितव्य घडल्याची व बिघडल्याची उदाहरणे या खेळाच्या इतिहासात आहेत.

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू मैदानात असतात आणि चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. चढाईची सूत्रे क्वार्टरबॅकच्या हाती असतात. प्रशिक्षकाने सुचविलेली चाल सहकाऱ्यांना सांगणे, बचावफळीची रचना ओळखून तीत ऐन वेळी बदल करणे, चेंडू स्वतः घेऊन पळणे, दुसऱ्याकडे सोपविणे किंवा दूरवर फेकणे, ही सर्व कामे त्याला काही क्षणांत करावी लागतात. इतर कोणत्याही जागेवरील उणीव डावपेचांनी काही अंशी झाकता येते. क्वार्टरबॅकची उणीव झाकता येत नाही. त्यामुळे या जागेसाठी संघ मोठी किंमत मोजतात व मोठा धोका पत्करतात.

निवडसत्राचा उगम : व्यावसायिक संघांची संघटना १९२० मध्ये ओहायओ राज्यातील कँटन येथे स्थापन झाली व १९२२ मध्ये तिने नॅशनल फुटबॉल लीग हे नाव धारण केले. आरंभीच्या काळात महाविद्यालयातून बाहेर पडणारा खेळाडू कोणत्याही संघाशी करार करू शके. साहजिकच शिकागो, न्यूयॉर्क यांसारख्या सधन संघांकडे चांगल्या खेळाडूंचा ओघ राही व दुर्बल संघ अधिकच दुर्बल होत. फिलाडेल्फिया ईगल्स या सतत हरणाऱ्या संघाचे मालक बर्ट बेल (१८९५–१९५९) यांनी १९३५ मध्ये असा प्रस्ताव मांडला, की मागील हंगामात सर्वांत खाली राहिलेल्या संघाने पहिला खेळाडू निवडावा व विजेत्याने सर्वांत शेवटी. ज्या खेळाडूला जो संघ निवडील, त्याच्याशीच त्याने वाटाघाटी कराव्यात. प्रस्ताव एकमताने मान्य झाला आणि ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातील एका हॉटेलात पहिले निवडसत्र भरले. नऊ फेऱ्यांत ८१ खेळाडू निवडले गेले. पहिला मान शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगर याला मिळाला. परंतु तो व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही. या पद्धतीतील पहिलीच निवड अशा रीतीने निष्फळ ठरली.

लिलाव व निवडसत्र यांत मूलभूत फरक आहे. भारतातील इंडियन प्रीमिअर लीगच्या २००८ मध्ये मुंबईत झालेल्या पहिल्या लिलावात खेळाडूची किंमत बोलीने ठरली. निवडसत्रात बोली नसते. क्रम हेच चलन असते. संघ परस्परांत या क्रमांची देवघेव करतात. डॅलस काउबॉईज या संघात १९९१ च्या सुमारास प्रत्येक क्रमाला गुण देणारे कोष्टक तयार झाले. त्यात पहिल्या क्रमाला ३,००० व बत्तिसाव्या क्रमाला ५९० गुण होते. पुढे इतर संघांनीही ते कमीअधिक प्रमाणात स्वीकारले. आज ३२ संघ सात फेऱ्यांत निवड करतात.

स्पर्धक संघटना व नेमथ : अमेरिकन फुटबॉल लीग ही प्रतिस्पर्धी संघटना १९६० मध्ये सुरू झाल्यावर एकाच खेळाडूवर दोन संघटना हक्क सांगू लागल्या. १९६५ च्या निवडीत ॲलाबामा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक जो नेमथ याला जुन्या संघटनेच्या सेंट लुइस संघाने बाराव्या, तर नव्या संघटनेच्या न्यूयॉर्क जेट्स संघाने पहिल्या क्रमांकावर निवडले. नेमथच्या उजव्या गुडघ्याला १९६४ च्या हंगामात गंभीर दुखापत झाली होती. तरीही जेट्सने त्याच्याशी सु. ४,२७,००० डॉलरचा करार केला. त्या काळी ही रक्कम अभूतपूर्व होती. करारानंतर लगेच त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. १९६७ मध्ये एका हंगामात ४,००० यार्डांहून अधिक अंतर चेंडू फेकणारा तो पहिला व्यावसायिक खेळाडू ठरला आणि १२ जानेवारी १९६९ रोजी त्याच्या नेतृत्वाखाली जेट्सने बाल्टिमोर कोल्ट्सचा १६–७ असा पराभव करून तिसरा सुपर बोल जिंकला. मात्र गुडघ्याच्या दुखण्याने त्याची उत्तरार्धातील कारकीर्द झाकोळली. त्याच्या फेकींतून १७३ टचडाउन झाले, तर त्याच्या २२० फेकी प्रतिस्पर्ध्यांनी मध्येच पकडल्या. जोखमीच्या निवडीने संघाला यश दिले, पण खेळाडूला त्याची शारीरिक किंमत मोजावी लागली. दोन्ही संघटनांनी १९६६ मध्ये एकत्रीकरणाचा करार केला व १९६७ पासून समाईक निवडसत्र सुरू झाले.

कायदेशीर बाजू : निवडसत्रामुळे खेळाडूला आपला मालक निवडण्याचे स्वातंत्र्य उरत नाही. वॉशिंग्टन संघाने १९६८ मध्ये निवडलेला जेम्स स्मिथ या बचावपटूची कारकीर्द पहिल्याच हंगामातील मानेच्या दुखापतीने संपली. खुल्या बाजारात आपल्याला अधिक संरक्षण देणारा करार मिळाला असता, असा दावा त्याने केला. ही पद्धत मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करते, असा निर्णय संघीय न्यायालयाने १९७६ मध्ये दिला व अपील न्यायालयाने १९७८ मध्ये तो निष्कर्ष कायम ठेवला. तथापि १९७७ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने सामुदायिक करारात निवडसत्रास संमती दिल्याने ते टिकून राहिले. निवडीचा धोका केवळ संघाचा नसून खेळाडूचाही असतो, ही बाब या खटल्याने प्रथमच ठळकपणे पुढे आणली.

१९८३ व १९९८ ची निवड : १९८३ मध्ये पहिल्याच फेरीत सहा क्वार्टरबॅक निवडले गेले. पहिल्या क्रमांकाचा जॉन एलवे याने बाल्टिमोरकडून खेळण्यास नकार दिला आणि त्याला डेन्व्हरकडे पाठवावे लागले. पिट्सबर्ग विद्यापीठाचा डॅन मरीनो शेवटच्या महाविद्यालयीन वर्षात निष्प्रभ ठरला होता. शिवाय त्याच्या वागणुकीविषयी अफवा पसरल्या होत्या, ज्यांना कधीच पुरावा मिळाला नाही. परिणामी तो सत्ताविसाव्या क्रमांकापर्यंत घसरला व मायामी संघास मिळाला. दुसऱ्याच हंगामात, १९८४ मध्ये, त्याने ५,०८४ यार्ड व ४८ टचडाउन असा तत्कालीन विक्रम नोंदविला. धोका टाळणाऱ्या संघांचेही नुकसान होऊ शकते, हे यावरून दिसून येते.

याउलट उदाहरण १९९८ चे आहे. त्या वर्षी पेटन मॅनिंग व रायन लीफ या दोघांत श्रेष्ठ कोण, याविषयी जाणकारांत खरोखर मतभेद होते. इंडियानापोलिसने मॅनिंगला पहिल्या क्रमांकावर घेतले. सॅन डिएगोने तिसऱ्यावरून दुसऱ्या क्रमांकावर येण्यासाठी पुढील वर्षाची पहिल्या फेरीतील संधी, दुसऱ्या फेरीतील एक संधी व दोन खेळाडू दिले आणि लीफला निवडले. पहिल्या हंगामात मॅनिंगच्याही २८ फेकी प्रतिस्पर्ध्यांनी पकडल्या व त्याच्या संघाने केवळ तीन सामने जिंकले. परंतु चुकांतून शिकण्याची त्याची चिकाटी विलक्षण होती. लीफची कारकीर्द २५ सामन्यांत आटोपली. त्याच्या नावावर १४ टचडाउन व प्रतिस्पर्ध्यांनी पकडलेल्या ३६ फेकी राहिल्या आणि २००० च्या हंगामात त्याच्या संघाला एकच विजय मिळाला. पुढे वेदनाशामक औषधांच्या व्यसनापायी त्याला तुरुंगवास घडला. २०१४ मध्ये सुटका झाल्यावर तो व्यसनमुक्तीविषयी जाहीरपणे बोलू लागला. बाहूंचे बळ मोजता येते, मनाचा तोल मोजता येत नाही, हा धडा या दोघांच्या तुलनेतून सर्वसाधारणपणे काढला जातो.

धोक्याचे मोजमाप : संघांनी १९८० नंतर निवडीपूर्व चाचण्यांना व्यवस्थित रूप दिले. इंडियानापोलिस येथे १९८७ पासून भरणाऱ्या शिबिरात उंची, वजन, चाळीस यार्डांची धाव, उडी, वैद्यकीय स्थिती इत्यादींची नोंद होते व मुलाखती घेतल्या जातात. तथापि चाचण्यांतील चमक आणि मैदानावरील यश यांत दृढ संबंध आढळत नाही. २००० मध्ये सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर, निवडलेला टॉम ब्रेडी याने पुढे सात सुपर बोल जिंकले; तर २००७ मध्ये प्रचंड दूर चेंडू फेकण्याच्या क्षमतेमुळे पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या जमार्कस रसेल याला ओकलंड संघाने तीनच हंगामांनंतर, २०१० मध्ये, मुक्त केले.

अर्थतज्ज्ञ केड मॅसी व रिचर्ड थेलर यांनी २००५ मध्ये मांडलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दाखविले, की संघ आरंभीच्या क्रमांना वाजवीपेक्षा अधिक मूल्य देतात. एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी त्यानंतर निवडलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याचे प्रमाण सु. ५२ टक्केच आढळले. आपल्या पारखीवरील अतिविश्वास हे त्यांनी सांगितलेल्या कारणांपैकी एक होय. यावरून एकाच खेळाडूसाठी अनेक संधी खर्च करण्यापेक्षा संधींची संख्या वाढविणे हितावह, असे अनुमान निघते. मात्र क्वार्टरबॅकची जागा इतकी निर्णायक असते, की अनेक संघ हे अनुमान जाणूनही बाजूस सारतात.

पूर्वग्रहाचा प्रश्न : कोणत्या खेळाडूला ‘जोखमीचा’ म्हणावयाचे, हे नेहमीच निःपक्षपणे ठरत नव्हते. कृष्णवर्णीय खेळाडूंमध्ये क्वार्टरबॅकला लागणारी निर्णयशक्ती नसते, असा समज दीर्घकाळ रूढ होता व त्यांना इतर जागांवर खेळविले जाई. वॉरन मून याला १९७८ मध्ये कोणत्याच संघाने निवडले नाही. कॅनडात एडमंटन संघाकडून पाच अजिंक्यपदे मिळवून तो परतला व २००६ मध्ये त्याचा समावेश व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान-दालनात झाला. सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक होण्याचा मान डग विल्यम्स याने १९८८ मध्ये मिळविला. तरीही २०१८ मध्ये लमार जॅक्सन याने चेंडू झेलणाऱ्याच्या जागी खेळावे, अशा सूचना निवडीपूर्वी झाल्या. पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी, बत्तिसाव्या क्रमांकावर निवडला गेलेला हाच खेळाडू २०१९ मध्ये एकमताने सर्वोत्कृष्ट ठरला.

वेतनमर्यादा व नंतरचा काळ : चुकीच्या निवडीचा आर्थिक भार २०११ पूर्वी फार मोठा असे. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्ड याला सेंट लुइस संघाने पाच कोटी डॉलरांची हमी दिली. २०११ च्या सामुदायिक कराराने नवोदितांच्या वेतनावर मर्यादा घातली आणि त्या वर्षी पहिला आलेल्या कॅम न्यूटन याचा चार वर्षांचा करार सु. २·२ कोटी डॉलरांचा झाला. धोका स्वस्त झाल्याने अपरिपक्व क्वार्टरबॅक निवडण्याची प्रवृत्ती बळावली. शिवाय यशस्वी ठरलेला नवोदित अल्प वेतनात खेळत असल्याने उरलेल्या पैशांत इतर चांगले खेळाडू घेता येतात, हाही एक लाभ झाला.

या काळात निवडीनंतरच्या संगोपनाचे महत्त्व स्पष्ट झाले. कॅन्सस सिटीने २०१७ मध्ये सत्ताविसाव्यावरून दहाव्या क्रमांकावर येऊन पॅट्रिक माहोम्स याला घेतले, पण पहिला हंगाम त्याला बहुतांशी अनुभवी ॲलेक्स स्मिथच्या मागे बसविले. २०१८ मध्ये माहोम्सने ५० टचडाउन करून सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळविला. बफलोने २०१८ मध्ये सातव्या क्रमांकावर निवडलेल्या जॉश ॲलनच्या महाविद्यालयातील फेकींपैकी केवळ ५६ टक्के अचूक होत्या. पहिल्या हंगामात हे प्रमाण ५२·८ टक्के होते. स्थिर प्रशिक्षण व चांगल्या सहकाऱ्यांच्या साहाय्याने ते २०२० मध्ये ६९·२ टक्क्यांवर गेले. २०२४ च्या हंगामात तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. याउलट २००२ मध्ये ह्यूस्टनच्या नव्या संघाने पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या डेव्हिड कार याला दुबळ्या संरक्षक फळीमुळे पहिल्याच हंगामात ७६ वेळा चेंडूसह पाडले गेले व त्याचा विकास खुंटला. तसेच फ्लॉरिडा विद्यापीठाकडून आरंभापासून केवळ तेरा सामने खेळलेल्या अँथनी रिचर्डसन याला इंडियानापोलिसने २०२३ मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडून लगेच मैदानात उतरविले. दुखापतीमुळे त्याचा पहिला हंगाम चार सामन्यांत संपला, २०२४ मध्ये त्याला काही काळ वगळण्यात आले आणि २०२५ च्या आरंभी त्याची जागा डॅन्येल जोन्स याला देण्यात आली. ॲलनच्या यशावरून प्रत्येक अनघड खेळाडू सुधारेल, असे मानणे योग्य नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

मूल्यमापन : या इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. गुणवान परंतु जोखमीचा क्वार्टरबॅक घेणे हे तत्त्वतः चूक वा बरोबर ठरत नाही. त्याची किंमत किती, संघाची संरक्षक फळी कशी, प्रशिक्षक किती काळ टिकणार आणि खेळाडूला प्रतीक्षेची मुभा मिळणार की नाही, यांवर ते अवलंबून असते. हताश झालेला, वारंवार प्रशिक्षक बदलणारा संघच निवडसत्रात आरंभीचा क्रम मिळवितो व अशा संघातच तरुण खेळाडूची वाढ सर्वांत कठीण असते. दुर्बलांना बळ देण्याच्या हेतूने बेल यांनी सुरू केलेल्या पद्धतीतील हा अंगभूत विरोध होय. संघाला चुकीची निवड काही वर्षांत विसरता येते. सॅन डिएगोने २००१ मध्ये पहिल्या क्रमांकाची संधी ॲटलांटाला देऊन त्याच निवडसत्रात लडेनियन टॉमलिन्सन व ड्रू ब्रीझ हे दोन श्रेष्ठ खेळाडू मिळविले. विशी-बाविशीतील ज्या खेळाडूवर ‘अपयशी निवड’ असा शिक्का बसतो, त्याला मात्र अशी दुसरी संधी क्वचितच मिळते.