देवीला दमवणारा असुर
(विज्ञान-मालिकांतील खलनायकाच्या अभ्यासाची प्रस्तावना)

तुळजापुरात दसऱ्याचे सीमोल्लंघन आटोपले की भवानीमाता पलंगावर निजते, ती कोजागरीपर्यंत. या निद्रेला श्रमनिद्रा म्हणतात. महिषासुराशी झुंजून देवी थकली आहे, तिला आता विसावा हवा, ही त्यामागची श्रद्धा. विज्ञान-मालिकांतल्या खलनायकावर लिहिताना सुरुवात तुळजापुरातून कशासाठी, असे कोणी विचारील. एवढ्यासाठी, की खलनायक जोखायची सर्वांत चांगली कसोटी मला याच विधीत सापडते. असुर किती क्रूर होता, याने त्याची उंची ठरत नाही. त्याने देवीला किती दमवले, याने ठरते.

मूर्तीकडेही या नजरेने पाहावे. देवी अष्टभुजा आहे, उजवा पाय महिषासुरावर, एका हातात त्याची शेंडी, त्रिशूळ त्याच्या अंगात रुतलेला. असुर वेगळा काढून ठेवता येत नाही. देवीवर अभिषेक होतो तेव्हा तोही भिजतो. शत्रू नुसता मारून टाकायचा असता तर शिल्पकाराला त्याची एवढी उस्तवार करायची गरज नव्हती.

जिल्ह्याच्या गावी, धाराशिवात, धारासुरमर्दिनीचे देऊळ आहे. आख्यायिका अशी की धारासुराने शंकराची आराधना करून बळ मिळवले, मग तो लोकांनाच छळू लागला, आणि देवीने त्याला संपवले. हा क्रम लक्षात ठेवा : आधी तप, मग वर, मग माज. आपल्याकडचा असुर बहुधा आळशी नसतो. देवांनाही जमणार नाही इतके कष्ट तो उपसतो आणि त्याला मिळालेला वर नियमाने मिळालेला असतो. विज्ञानकथेतला खलनायक याच घराण्यातला आहे. तपाच्या जागी प्रयोगशाळा येते, वराच्या जागी शोध. त्याला ताकद देणारे ज्ञान आपणही कौतुकाने मागितलेले असते. म्हणून दरोडेखोराची भीती वाटते तशी ही भीती नसते. तिच्यात आपला वाटा असतो.

दूरचित्रवाणीच्या मालिकेत एक अडचण वाढते. सिनेमातला खलनायक तीन तासांत मेला की सुटला. मालिकेतल्या खलनायकाला दर आठवड्याला हरायचे असते आणि तरी पुढच्या आठवड्यात भीती वाटेल असे परतायचे असते. बहुतेक खलनायक इथेच पडतात. १९९७ साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झाली आणि तमराज किल्विष घराघरांत पोचला. सुरेंद्र पाल यांचा आवाज, तो काळा वेश, अंधार कायम राहो ही घोषणा, सगळे पाठ झाले. तरीही किल्विष हा फार मोठा खलनायक आहे असे मला वाटत नाही. त्याला अंधार हवा, कारण तो अंधार आहे. त्यापलीकडे त्याच्याजवळ युक्तिवाद नाही. (याच सुरेंद्र पाल यांनी ‘महाभारत’मध्ये द्रोणाचार्य केले होते. द्रोण खलनायक नव्हेत, पण एकलव्याचा अंगठा मागणारा तो गुरू किल्विषापेक्षा जास्त अस्वस्थ करतो.) त्याच मालिकेतला डॉ. जैकाल मात्र वेगळा. ललित परिमू यांनी उभा केलेला हा शास्त्रज्ञ ‘पॉवर’ हा एकच शब्द अशा चवीने उच्चारी, की हसू यायचे आणि ते मध्येच थांबायचे. त्याला काय हवे आहे ते मुलांनाही कळत होते, कारण परीक्षेत पहिला येणाऱ्यालाही तेच हवे असते.

१९९८ च्या ‘कॅप्टन व्योम’मध्ये केतन मेहता यांनी तुरुंगातून निसटलेले बारा गुन्हेगार मिलिंद सोमणच्या मागे, खरे तर पुढे, लावून दिले. पाठलाग मजेचा होता. पण एकाला पकडले की दुसरा, अशी यादी संपवत जाताना नायक दमत नाही, नुसता कामात असतो.

आता थोडे दूर जाऊ. ब्रिटिश मालिका ‘डॉक्टर हू’ १९६३ च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि डिसेंबरात टेरी नेशन या लेखकाचे डालेक तिच्यात अवतरले. पत्र्याच्या पिंपात बसलेले, करकरत बोलणारे जीव. पहिल्याच कथेत नष्टही झालेले. प्रेक्षकांनी त्यांना परत आणवले. पण परतून परतून ते खेळणे होऊ लागले होते. १९७५ मध्ये नेशनने त्यांचा जन्म लिहिला, आणि त्यात डाव्रोस आला : एका न संपणाऱ्या युद्धात पिचलेल्या जमातीचा पंगू, अतिशय हुशार शास्त्रज्ञ. आपली जमात टिकावी म्हणून तो तिच्यातली दया काढून टाकलेला जीव घडवतो. मालिकेचा नायक, डॉक्टर, त्याला विचारतो, सगळी जीवसृष्टी संपवणारा विषाणू तुझ्या हाती असता तर तू तो सोडला असतास का? डाव्रोस लगेच उत्तर देत नाही. आधी तो त्या कल्पनेचे शास्त्रज्ञाला शोभेल असे कौतुक करतो. मग एका हाताची बोटे जणू इवलीशी कुपी धरल्यासारखी जवळ येतात, आवाज चढत जातो, आणि तो हो म्हणतो. पुढे हाती दोन तारा धरून डॉक्टर उभा राहतो. त्या जोडल्या की डालेकांचा अंकुरच नाहीसा होणार. तो अडतो. असा वंशच्छेद करायचा हक्क मला आहे का, असे तो विचारतो. खलनायकाने नायकाला आपल्याच प्रश्नासमोर आणून उभे केले, ही दमवणूक. शेवटी डाव्रोस स्वतःच्या निर्मितीकडे दयेची याचना करतो, आणि दया म्हणजे काय हे तिला ठाऊकच नसते. भस्मासुराची गोष्ट ऐकलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही, पण डाव्रोसची ही कथा किती घट्ट बांधली आहे हे जरूर पाहावे.

अमेरिकी ‘स्टार ट्रेक’ने १९६७ मध्ये खान नूनियन सिंग आणला. निवडक पैदाशीतून घडवलेला अतिमानव, उत्तर भारतातला, बहुधा शीख; भूमिका मात्र मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंतालबान यांची. जहाजावरची इतिहासतज्ज्ञ त्याचे पगडीतले चित्र रंगवते, आणि कप्तानासह अधिकारी या जुन्या हुकूमशहाविषयी आपल्याला कौतुक वाटते हे जेवणाच्या टेबलाशी गप्पा माराव्यात तसे कबूल करतात. ती कबुली त्या भागातली सर्वांत भीतिदायक जागा आहे. पूर्वेकडचा माणूस म्हणजे जात्याच हुकूमशहा, या पाश्चात्त्य सवयीवर मात्र आपण बोट ठेवले पाहिजे, आणि या अभ्यासात ते पुरेसे ठेवलेले नाही. ‘स्टार ट्रेक’च्या पुढच्या पिढीच्या मालिकेत, १९८९ साली, आले बोर्ग, अर्धे जीव अर्धे यंत्र असे शत्रू. एकदोन वार झाले की तिसरा त्यांना लागतच नाही. रक्तबीज ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाला त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. १९९६ च्या चित्रपटात बोर्गांना राणी दिली गेली. चेहरा मिळाला आणि धाक कमी झाला, असे माझे मत. यावर वाद घालणारे भेटतील, त्यांच्याशी जरूर घाला.

मराठीत काय? १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. नारायण विनायक जगताप हे नाव घेऊन ती जयंत नारळीकरांनी पाठवली होती. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३ वे साहित्य संमेलन भरले, आणि त्याच्या पुढच्याच संमेलनाचे, नाशिकच्या, ते अध्यक्ष झाले. त्यांच्या कथांत खलपुरुष फारसे नाहीत. ‘धूमकेतू’मध्ये विरोधी बाजूला आहे ती यज्ञयागावर भिस्त ठेवणारी घरातलीच माणसे, आणि ती प्रेमळ आहेत. ‘वामन परत न आला’मधला यंत्रमानव मात्र त्या असुरांचा खरा वारसदार. मराठी मालिकांनी हा धागा उचलला नाही. खलनायक रंगवायची ताकद नाही म्हणावे तर २०१६ च्या ‘रात्रीस खेळ चाले’मध्ये मेलेल्या अण्णा नाईकांनी सगळे घर वेठीला धरले, आणि २०१९ मध्ये त्यांच्या हयातीची कथा सांगायला वेगळे पर्व काढावे लागले. तिथे भूत होते, विज्ञान नव्हते. एवढाच फरक.

या जिल्ह्यातल्या तरुण अभ्यासकाला आणि लेखकाला इथे मोकळे रान आहे. एक सावधगिरी तेवढी बाळगावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप उमरगा-लोहारा भागातल्या घरांना ठाऊक आहे. त्याला खलनायक नव्हता. दगडमातीच्या जड भिंती होत्या, रात्रीची वेळ होती. प्रत्येक संकटामागे कोणी दुष्ट शास्त्रज्ञ चिकटवायची विज्ञान-मालिकांची खोड अशा ठिकाणी बालिश ठरते. उलट पाण्याचा विचार करा. दुष्काळी तालुक्यात कोणत्या गावाला किती टँकर, हे ठरवणारे एक यंत्र कल्पा. अचूक, निःपक्षपाती, लाच न खाणारे, लोकांनीच मागून घेतलेले. एका उन्हाळ्यात ते हिशेब करून सांगते की अमुक वस्ती यापुढे जगवणे परवडत नाही. त्याच्या आकडेमोडीत चूक सापडत नाही. त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या ग्रामसेविकेला काय बोलावे लागेल, ते लिहून पाहा.

पुढील लेख वाचण्याआधी डाव्रोसची ती सहा भागांची कथा पाहून घ्यावी. चित्रीकरण जुने आहे, पिंपे डगमगतात, तिकडे काणाडोळा करावा.