कुलवृत्तांत आणि पुराव्याची शिस्त

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून अनेक मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त येथे आली. त्यांच्याबरोबर घराण्यांच्या वंशावळीही आल्या. परंतु ज्या कागदांवरून त्या रचल्या गेल्या, ते कागद पुष्कळदा मूळ घरीच राहिले. आधार तुटलेली वंशावळ नातवंडांच्या पिढीत केवळ ऐकीव ठरते.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी अस्सल पत्रांच्या कसोटीवर बखरींतील चुका दाखविल्या. हीच कसोटी घरगुती इतिहासालाही लावावयास हवी.

आज वंशावळ संगणकावर मांडली जाते. ग्रॅम्प्ससारख्या विनामूल्य प्रणालीत साधन, ते जेथे ठेवले आहे ते ठिकाण आणि त्यातील नेमका उल्लेख, यांच्या नोंदी स्वतंत्रपणे करता येतात. समजा, पणजोबांचे नाव त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत सापडले. तेव्हा वही हे साधन, उपाध्यायांचे घर हे ठिकाण आणि विशिष्ट पानावरील मजकूर हा उल्लेख होय. त्या वहीतून दहा नावे घेतली तरी वहीची नोंद एकदाच करावयाची. उल्लेख मात्र दहा. प्रत्येक उल्लेख कितपत विश्वसनीय, हेही पाच श्रेणींत नोंदविता येते. तथापि श्रेणी ठरविण्याचा विवेक माणसाचाच. चार चुलतभावांकडील वंशावळी जुळल्या म्हणून चार पुरावे होत नाहीत. त्या एकाच प्रतीवरून उतरविल्या असतील, तर साक्षीदार एकच.

कालगणनेतही असाच धोका आहे. शकाच्या अंकात सरसकट ७८ मिळविण्याची सवय असते. भोपाळच्या लढाईनंतर पहिल्या बाजीरावाने निजामाशी दोराहा येथे तह केला, तो शके १६५९ मध्ये. ७८ मिळविल्यास १७३७ येते. प्रत्यक्षात तो महिना जानेवारी १७३८ चा. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. म्हणून कागदावरील शक, मास, तिथी जशीच्या तशी लिहून घ्यावी आणि इसवी सन तिच्याखाली आपला म्हणून वेगळा द्यावा. पुढे कोणी तपासू लागला, तर चूक कागदाची की आपली, हे त्याला कळेल.

मोडी वाचणारी माणसे घराघरांतून विरळ होत चालली आहेत. अशा वेळी कागदाचे छायाचित्र, त्याचे देवनागरी लिप्यंतर आणि ते करणाऱ्याचे नाव एकत्र ठेवणे अगत्याचे आहे. ज्या सुनेचे माहेरचे नाव मिळत नाही, तेथे जागा रिकामी सोडावी. तर्काने भरू नये. ग्रंथालयाच्या तालिकेतील क्रमांकामुळे अनोळखी वाचकही नेमक्या कपाटापाशी पोहोचतो. आपल्या वंशावळीतील प्रत्येक नावापासून मूळ कागदापर्यंत पुढच्या पिढीला तसेच पोहोचता यावे, एवढीच अपेक्षा.