चेक इंजिन दिवा आणि पीयूसी (जळगाव-धुळे)

चेक इंजिन दिवा म्हणजे मोटारीच्या मीटरवर लागणारा, इंजिनाच्या आकृतीचा पिवळा किंवा नारिंगी दिवा. धूर वाढवू शकेल असा बिघाड गाडीच्या संगणकाला आढळला की तो लागतो. चावी फिरवल्यावर इतर दिव्यांबरोबर तो क्षणभर पेटतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो. विझलाच नाही किंवा चालत्या गाडीत लागला, तर संगणकाने बिघाड नोंदवलेला असतो. ऑइलचा तांबडा दिवा वेगळा. तो दिसताच इंजिन बंद करावे लागते. चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर गाडी जपून गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर सिलिंडरमध्ये मिसफायर होत असते, न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि आतली चिनी मातीची जाळी वितळते. अशा वेळी गाडी बाजूला घेणेच स्वस्त पडते.

पीयूसीची (प्रदूषण मर्यादेत असल्याच्या प्रमाणपत्राची) मुदत संपत आलेली असताना हा दिवा लागला की जळगाव-धुळ्यात पहिला प्रश्न येतो, ‘आता पास होईल का?’ अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत उत्तर सरळ आहे. तिथे १९९६ पासूनच्या गाड्यांच्या संगणकालाच तपासणी यंत्र जोडतात आणि दिवा लागलेला असेल तर गाडी नापास. आपल्याकडच्या पीयूसीत सायलेन्सरमध्ये नळी घालून बाहेर पडणारा वायू मोजतात. गाडीच्या संगणकात काय नोंदले आहे याच्याशी त्या यंत्राचा संबंध येत नाही. म्हणून इथे दिवा लागलेली गाडी पास होते आणि दिवा न लागलेली नापास होते, अशी दोन्ही उदाहरणे घडतात. इंटरनेटवरचा परदेशी सल्ला खानदेशात, म्हणजे या जळगाव-धुळे भागात, जसाच्या तसा लागू पडत नाही, त्याचे कारण हेच.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ प्रमाणे नोंदणीला एक वर्ष झाल्यावर पीयूसी लागते. भारत स्टेज-४ (धुराच्या मर्यादांचा टप्पा) आणि पुढच्या गाड्यांना ती वर्षभर चालते, जुन्यांना सहा महिने. स्टेज-४ पेट्रोल मोटारीत इंजिन रिकामे चालत असताना कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतात. मग इंजिन मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांवर नेतात. तेव्हा कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि हवा-इंधनाचे प्रमाण सांगणारा लॅम्डा ०.९७ ते १.०३ यांमध्ये हवा. स्टेज-२ आणि स्टेज-३ च्या गाड्यांना सवलत मोठी आहे: ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. डिझेलला वायू मोजत नाहीत, धुराची दाटी मोजतात.

एमएच-१९ (जळगाव) आणि एमएच-१८ (धुळे) या पासिंगच्या गाड्यांमध्ये हा दिवा सरसकट आढळत नाही. एप्रिल २०१० मध्ये स्टेज-४ आला तो मुंबई, पुणे, सोलापूर, शेजारचे सुरत अशा मोजक्या शहरांत. खानदेश तेव्हा स्टेज-३ वर होता. एप्रिल २०१३ पासून स्टेज-४ गाड्यांवर हा दिवा लावणारी दुसऱ्या पिढीची स्वनिदान व्यवस्था सक्तीची झाली. सगळ्या देशात स्टेज-४ लागू झाला तो १ एप्रिल २०१७ ला आणि स्टेज-६ त्यानंतर तीनच वर्षांनी. त्यामुळे एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांपैकी सुरत पासिंगची स्टेज-४ आणि धुळे पासिंगची स्टेज-३ असू शकते. जुनी गाडी विकत घेताना कोणत्या मर्यादेने मोजणार, हे आरसीवर पाहून घ्यावे. २०२० पासून दुचाकींवरही हा दिवा आला आहे.

दिवा लागण्याची कारणे खानदेशात थोडी स्थानिक वळणाची आहेत. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. बॉनेटखालचे रबरी पाइप आणि प्लॅस्टिकचे कनेक्टर उन्हाळ्यागणिक कडक होऊन तडकतात, मोजणीत न आलेली हवा आत शिरते आणि ‘मिश्रण पातळ’ (पी०१७१) हा कोड येतो. धूळ हे दुसरे कारण. शेतरस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीचे एअर फिल्टर कंपनीच्या पुस्तकातल्या किलोमीटरांआधीच भरते, आणि धूळ पुढे गेली तर हवा मोजणारा सेन्सर चुकीचे आकडे देऊ लागतो. खळ्यात किंवा गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. यात इंजिन ठणठणीत असते, पण दिवा जात नाही. बाहेरून बसवलेले सीएनजी किंवा एलपीजी किट नीट जुळवलेले नसेल तर पेट्रोलवर गप्प असलेला दिवा गॅसवर लागतो. गाडी दोन्ही इंधनांवर चालवून पाहिली की अर्धे निदान तिथेच होते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळल्याने इंधनाबरोबर ऑक्सिजनही आत जातो. संगणक जास्त इंधन सोडून त्याची भरपाई करतो, पण वीस टक्के मिश्रणासाठी न जुळवलेल्या जुन्या गाडीत आधीच कुठे हवा गळत असेल तर ही भरपाई अपुरी पडून दिवा लागू शकतो. टाकीचे झाकण घट्ट करा, हा अमेरिकन सल्ला मात्र इथे फारसा कामाचा नाही. आपली स्वनिदान व्यवस्था युरोपीय नमुन्याची आहे आणि त्या नमुन्यात टाकीच्या वाफेची गळती शोधणे सक्तीचे नाही.

गॅरेजमध्ये स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावतात. कोड म्हणजे तक्रार, निदान नव्हे, हे चांगला मेकॅनिक जाणतो. पी०४२० आला म्हणून थेट कन्व्हर्टर बदलणे हा महागडा आळस आहे. आधी प्लग, कॉइल, सायलेन्सरची गळती आणि मागचा ऑक्सिजन सेन्सर पाहिला पाहिजे. पीयूसीच्या आदल्या संध्याकाळी कोड उडवून घेण्याची किंवा बॅटरीची वायर काढून ठेवण्याची पद्धत सर्रास आहे. त्यातून काहीच हाती लागत नाही. पीयूसी यंत्र दिवा वाचत नाही, आणि कोडबरोबर संगणकाने शिकलेली इंधनाची जुळवणीही अनेक गाड्यांत पुसली जाते, म्हणजे उद्याचे आकडे उलट बिघडू शकतात. दुरुस्ती खरोखर झाली असेल तर गाडी चालवण्याच्या सलग तीन खेपांत दोष न दिसल्यावर दिवा आपोआप विझतो.

याच्या उलटही प्रकार चालतो. कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनम-पॅलेडियमला भंगारात भाव असल्याने काही ठिकाणी तो काढून साधा पाइप बसवतात आणि मागच्या सेन्सरला फसवून दिवा बंद ठेवतात. मीटर स्वच्छ दिसते, गाडी पीयूसीत आपटते. मालकाला हे बऱ्याचदा तिथेच कळते.

कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंशांना काम करू लागतो. रात्रभर उभी असलेली गाडी गल्लीतून थेट पेट्रोलपंपाकडच्या पीयूसी व्हॅनपाशी नेली तर चांगली गाडीही वाईट आकडे देते. पंधरा-वीस मिनिटे चालवून, इंजिन बंद न करता रांगेत उभे राहावे. लॅम्डा जास्त येत असेल तर इंजिन खोलण्याआधी सायलेन्सरला भोक आहे का ते पाहावे. तिथून बाहेरची हवा ओढली जाते आणि यंत्राला मिश्रण पातळ वाटते.

डिझेलमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धुराची दाटी घेतात. मर्यादा स्टेज-४ ला १.६२, आधीच्यांना २.४५. भरलेले फिल्टर, काजळी धरलेला ईजीआर वाल्व्ह (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारी झडप) आणि टर्बोचा फाटलेला पाइप ही काळ्या धुराची नेहमीची कारणे. स्टेज-६ डिझेलचा प्रश्न निराळा आहे. काजळी अडवणारा फिल्टर साठलेली काजळी सुमारे ६०० अंशांना जाळून स्वतःला स्वच्छ करतो आणि त्यासाठी सलग वेगाचा रस्ता लागतो. बाजार-शाळा-घर एवढेच फिरणाऱ्या गाडीत तो भरत जातो. धुळ्याहून पारोळा-एरंडोलमार्गे जळगावला जाणारा महामार्ग यावर उत्तम औषध आहे, फिल्टर पुरता तुंबलेला नसेल तर. वाटेत फिल्टरमधली काजळी जळत असताना इंजिन बंद करू नये.

वैध पीयूसी नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पीयूसीशिवाय विमा नूतनीकरण नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा आदेश जुलै २०२४ मध्ये शिथिल झाला. जून २०२१ पासून पीयूसी प्रमाणपत्राचा देशभर एकसारखा नमुना आला आणि नापास गाडीला कारणासह नकार-चिठ्ठी देण्याची तरतूद झाली. ही चिठ्ठी मागून घ्यावी. तिच्यावरचे आकडे स्कॅनरच्या कोडशेजारी ठेवले की मेकॅनिकचा निम्मा वेळ वाचतो, आणि केंद्राच्या यंत्राबद्दलच शंका असेल तर तीच दाखवून दुसऱ्या केंद्रावर पुन्हा मोजून घेता येते.