सोळा शाळा आणि महिन्याची बैठक

शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा हिशेब आपल्याकडे दिवसांत मांडतात. पाच दिवसांचं, दहा दिवसांचं; इतक्या जणांचं झालं, इतक्यांचं राहिलं. त्यानंतर वर्गात काय बदललं, याचा रकाना तक्त्यात नसतो. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. तिथं शिकवलेलं पटतं, करून बघावंसंही वाटतं. पण आपल्या शाळेत परत आल्यावर अडलं, तर विचारायचं कुणाला?

या प्रश्नावर तीस वर्षं काम झाल्याचा एक दाखला आपल्या शेजारच्याच राज्यात आहे. मराठीत त्याबद्दल फार लिहिलं गेलेलं नाही, म्हणून थोडं तपशिलात सांगते.

मध्य प्रदेशातला होशंगाबाद जिल्हा, म्हणजे आजचा नर्मदापुरम. १९७२ साली तिथल्या सोळा सरकारी शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगातून शिकवायला सुरुवात झाली. पुढाकार दोन स्वयंसेवी संस्थांचा होता. एक रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर ही क्वेकर मंडळींची जुनी संस्था आणि दुसरी बनखेडी भागातली किशोर भारती. किशोर भारती उभी करणारे अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून तिथं गेले होते. लवकरच दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक आणि संशोधकही सुट्ट्या काढून येऊ लागले. राज्य सरकारनं आपल्या शाळांत हा प्रयोग करायला परवानगी दिली, ही त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. खासगी शाळेत काहीही करून दाखवता येतं. इथं मात्र गळकं छप्पर, गर्दीचा वर्ग आणि बदलीच्या धास्तीत असलेले गुरुजी, हे सगळं आहे तसं धरून काम करायचं होतं.

सुरुवात उन्हाळी प्रशिक्षणानं व्हायची. त्यात भाषणं नव्हती. मुलांनी जे करायचं, ते शिक्षकांनी आधी स्वतः करायचं. फूल उघडून त्याचे भाग मोजायचे, भिंगानं पाहायचं, एकच लांबी चौघांनी मोजली तर चार उत्तरं का येतात यावर वाद घालायचा. गटात प्राध्यापक असले तरी उत्तर त्यांनी सांगायचं नाही, असा दंडक होता. आयुष्यभर फळ्यावर व्याख्या लिहून दिलेल्या माणसाला टोळीत बसून 'मला माहीत नाही' म्हणायला लावणं ही किती मोठी उलथापालथ असेल, याची कल्पना करून पाहा.

पण मला या कामाचं खरं वैशिष्ट्य उन्हाळ्यानंतरच्या दहा महिन्यांत दिसतं. आसपासच्या शाळांचा एक गट करून त्यातली एक शाळा संगम केंद्र ठरवलेली असे. तिथं दर महिन्याला विज्ञानाचे शिक्षक जमत. गेल्या महिन्यात कोणते धडे झाले, कोणता प्रयोग फसला, मुलांनी काय विचारलं आणि पुढच्या महिन्यातले प्रयोग कसे करायचे, एवढाच विषय. दुसरी सोय अनुवर्तनाची. अनुवर्तन करणारा शाळेत यायचा तो शेरा मारायला नव्हे. तो वर्गात बसायचा, हवं तर मुलांच्या टोळीत हात घालायचा आणि तास संपल्यावर गुरुजींशी बोलायचा. पुढे पुढे हे काम जिल्ह्यातलेच अनुभवी शिक्षक करू लागले. ज्याला स्वतःच्या वर्गात तीच अडचण आलेली आहे, त्याचं बोलणं साहेबांच्या बोलण्याहून वेगळं लागतं.

ही माहिती एकाच दिशेनं वाहत नव्हती. बैठकांत आलेल्या तक्रारी 'बाल वैज्ञानिक' या पाठ्यपुस्तकापर्यंत पोचत. त्यावरून धडे बदलले, काही गळले. परीक्षाही बदलली. लेखी पेपरला पुस्तक उघडं ठेवायची मुभा आणि जोडीला प्रयोगाची परीक्षा. अभ्यासक्रम, साहित्याची पेटी, प्रशिक्षण, पाठपुरावा आणि परीक्षा ही पाचही चाकं एकाच गाडीची आहेत, हे इथं ओळखलं गेलं. आपल्याकडे बहुधा एक चाक बदलतात आणि गाडी का चालत नाही म्हणून गाडीवानाला बोल लावतात.

१९७८ साली हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक वर्गांत गेला. १९८२मध्ये तो सांभाळायला एकलव्य ही संस्था उभी राहिली आणि पुढे राज्याच्या इतर जिल्ह्यांतल्या काही शाळांतही तो पसरला. पुण्याच्या टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता याच काळात किशोर भारतीत राहिले. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची त्यांची खेळणी तिथली. महाराष्ट्रातल्या कितीतरी वर्गांत ती पोचली. त्यांचं मूळ होशंगाबादच्या आठवडी बाजारात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. एकलव्यच्या हिंदी 'संदर्भ'शी नातं सांगणारं 'शैक्षणिक संदर्भ' हे मराठी नियतकालिकही पुण्यातून निघालं.

आणि मग २००२ साली सरकारनं हा कार्यक्रम बंद केला. नेहमीचं पाठ्यपुस्तक परत आलं. मुलं पुढच्या परीक्षांत मागं पडतील, अशी पालकांची आणि लोकप्रतिनिधींची तक्रार होती. देशभरच्या वैज्ञानिकांनी निषेध केला, पण निर्णय फिरला नाही.

टिकाऊ बदलाचा दाखला म्हणून बंद पडलेलं काम का सांगते आहे, असं कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि तो सोडवून टाकण्यासारखा नाही. पालकांची भीती खोटी नव्हती. आठवीनंतर मुलगा ज्या शाळेत जाणार, तिथं पाठांतरच चालत असेल तर आईबापांनी धास्तावू नये कसं? शिक्षकांचं जाळं जितकं घट्ट विणलं गेलं, तितकं पालकांशी विणलं गेलं नाही, असं मला वाटतं. शिवाय सगळा डोलारा एका सरकारी परवानगीवर उभा होता. ती काढली की बैठकीला जायचा भत्ता गेला, पेटी गेली, परीक्षा गेली.

तरी तीस वर्षं म्हणजे गुरुजींची जवळपास अख्खी नोकरी. मंत्री, सचिव, पक्ष बदलले. महिन्याची बैठक चालू राहिली. आज कोणत्या योजनेला एवढं आयुष्य लाभतं?

शाळांचे गट करावेत ही शिफारस कोठारी आयोगानंही १९६६च्या अहवालात केली होती. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले, शिक्षण परिषदाही भरू लागल्या. म्हणजे सांगाडा आपल्याकडे आहे. पण माझ्या मैत्रिणींकडून ऐकते, तेव्हा त्या दिवसाचा बराच भाग माहितीचे तक्ते, परिपत्रकं आणि अॅपवरच्या नोंदींत जातो. अपवाद आहेत. एखादा केंद्रप्रमुख कागद बाजूला सारून म्हणतो, "सहावीच्या अपूर्णांकांचं काय झालं, बोला." त्या केंद्रातल्या बाई पुढच्या परिषदेची वाट पाहतात.

त्यासाठी नवा जीआर लागत नाही. पुढची शिक्षण परिषद भरेल तेव्हा पहिला तासभर फक्त फसलेल्या तासांना द्यावा, आणि शेवटी पुढच्या महिन्यातला एक धडा सगळ्यांनी मिळून करून पाहावा. होशंगाबादच्या सोळा शाळांनी सुरुवात केली, तेव्हा त्यांच्याकडे याहून फार काही नव्हतं.