घरगुती संगणकाचे भाग : चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर निवड करताना

चेन्नईतील अण्णा सालै या प्रमुख रस्त्यालगत, चिंतादिरीपेट परिसरात रिची स्ट्रीट नावाचा एक आखूड रस्ता आहे. हा रस्ता आणि त्याला लागून असलेले नरसिंगपुरम स्ट्रीट, मीरान साहिब स्ट्रीट व वॉलर्स रोड मिळून दक्षिण भारतातील इलेक्ट्रॉनिक वस्तूंची एक मोठी बाजारपेठ तयार झाली आहे. दिल्लीच्या नेहरू प्लेसखालोखाल देशात तिचा क्रमांक लावला जातो. मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील तपकीर गल्ली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना येथील अरुंद दुकाने, छतापर्यंत रचलेली खोकी आणि गल्लीतच उतरवला जाणारा माल ओळखीचा वाटेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये अण्णा सालैच्या या भागाखालून मेट्रो धावू लागली आणि गव्हर्नमेंट इस्टेट स्थानकावरून येथे चालत पोहोचणे सोपे झाले.

कंपनीने जुळवून दिलेला तयार संगणक घ्यायचा की सुटे भाग घेऊन दुकानदाराकडून जोडून घ्यायचा, हा प्रश्न अशा बाजारात पाऊल ठेवताच समोर येतो. सुट्या भागांच्या संगणकाचा मोठा लाभ म्हणजे प्रत्येक भागाची स्वतंत्र वॉरंटी आणि पुढे एकच भाग बदलण्याची सोय. त्याची दुसरी बाजू अशी की, हे भाग परस्परांशी जुळतात की नाही हे पाहण्याची जबाबदारी ग्राहकावर येते. मध्यमवर्गीय कुटुंब हा खर्च सहा-सात वर्षांतून एकदा करते. त्यामुळे येथे झालेली चूक दीर्घकाळ सोबत राहते.

प्रोसेसर, मदरबोर्ड आणि मेमरी

या तीन भागांचा विचार स्वतंत्रपणे करता येत नाही. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो त्या सॉकेटचा प्रकार मदरबोर्डवर ठरलेला असतो आणि मदरबोर्डवरच मेमरीचा प्रकार अवलंबून असतो. इंटेल कंपनीच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतील प्रोसेसरसाठी एलजीए १७०० हे सॉकेट लागते, तर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा मालिकेतील डेस्कटॉप प्रोसेसरसाठी एलजीए १८५१. एएमडी कंपनीचे एएम४ हे सॉकेट दीर्घकाळ टिकले. त्यानंतर २०२२ मध्ये एएम५ आले. एएम५ वर केवळ डीडीआर५ मेमरी चालते. एलजीए १७०० चे मदरबोर्ड मात्र दोन्ही प्रकारांत मिळतात; काहींवर डीडीआर४, तर काहींवर डीडीआर५. दोन्ही मेमरींना २८८ पिना असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही. त्यामुळे घरात पडून असलेली जुनी मेमरी पट्टी नव्या संगणकात वापरण्याचा बेत असेल, तर मदरबोर्डच्या खोक्यावरील ही एक ओळ आधी वाचणे इष्ट ठरते.

प्रोसेसरच्या नावाअखेरचे अक्षरही दुर्लक्षून चालत नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ असते, त्यात चित्र दाखवण्याची अंगभूत सोय नसते. तो किंचित स्वस्त मिळतो. परंतु स्वतंत्र ग्राफिक कार्ड घेतल्याशिवाय मॉनिटरवर काहीच दिसत नाही. मुलांचा अभ्यास, बँकेचे व्यवहार, पत्रव्यवहार आणि चित्रपट एवढ्याच कामांसाठी संगणक हवा असणाऱ्यांना ही बचत महाग पडते. अशा वापरासाठी वेगळ्या ग्राफिक कार्डाची गरज नसते. खेळ, चित्रफितींचे संपादन किंवा त्रिमितीय आराखडे हे काम असेल तरच त्यावर खर्च करावा.

दुकानांत प्रोसेसर ‘बॉक्स’ आणि ‘ट्रे’ अशा दोन स्वरूपांत दाखवला जातो. बॉक्स म्हणजे कंपनीचे सीलबंद खोके. त्यावर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रे म्हणजे संगणक-निर्मात्यांसाठी खोक्याविना पुरवलेला माल. त्याची हमी विक्रेता देईल तेवढीच. दोहोंच्या किमतीत फरक असतो आणि तो का आहे, हे विचारल्याशिवाय सहसा सांगितले जात नाही.

चेन्नईच्या संदर्भात येथे एका प्रयत्नाचा उल्लेख करणे उचित ठरेल. आयआयटी मद्रासच्या ‘शक्ती’ प्रकल्पाने २०१८ मध्ये स्वतःच्या आराखड्यानुसार प्रोसेसरची चिप प्रत्यक्षात आणली. तथापि, त्या मालिकेचा उद्देश प्रामुख्याने उपकरणांमधील नियंत्रण आणि संशोधन हा आहे. रिची स्ट्रीटवर घरगुती संगणकासाठी निवड आजही दोन अमेरिकी कंपन्यांतच करावी लागते.

मेमरीबाबत २०२५ च्या उत्तरार्धात परिस्थिती झपाट्याने बदलली. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या संगणन केंद्रांकडे चिपचा मोठा वाटा वळल्याने घरगुती मेमरीचे दर जगभर चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने ‘क्रूशियल’ या नावाने सामान्य ग्राहकांना होणारी विक्री थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. अशा काळात गरजेपेक्षा अधिक मेमरी घेऊन ठेवण्याचा मोह टाळावा. साध्या घरगुती वापरास ८ जीबीवर काम चालते. १६ जीबी असल्यास अनेक वर्षे निश्चिंती राहते. एका १६ जीबीच्या पट्टीऐवजी ८ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्यास प्रोसेसर दोन्ही मार्गांनी एकाच वेळी माहिती घेऊ शकतो; अंगभूत ग्राफिक असलेल्या संगणकात हा फरक विशेष जाणवतो. मात्र मदरबोर्डवर दोनच जागा असतील, तर पुढील वाढीसाठी जागा उरत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

साठवण

जुना संगणक मंद झाल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या अनेकांना प्रत्यक्षात नवा संगणक नव्हे, तर एसएसडी हवी असते. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क साधारणतः सेकंदाला शंभर ते दोनशे एमबी माहिती वाचते. साटा जोडणीची एसएसडी साडेपाचशेच्या आसपास पोहोचते आणि एनव्हीएमई प्रकारची एसएसडी त्याच्याही कित्येक पट पुढे जाते. दैनंदिन वापरात सर्वाधिक जाणवतो तो हार्ड डिस्क ते एसएसडी हा पहिला टप्पा. त्यापुढील वेगाचे आकडे बव्हंशी खोक्यावरच राहतात. मदरबोर्डवरील एम.२ या खाचेत साटा आणि एनव्हीएमई अशा दोन्ही प्रकारच्या पट्ट्या आकाराने बसू शकतात, परंतु दोन्ही चालतीलच असे नाही. याची खातरजमा मदरबोर्डच्या पुस्तिकेतून करता येते.

वापरलेल्या हार्ड डिस्कचा व्यवहार अशा सर्वच बाजारांत चालतो. डिस्क किती तास चालली आहे, याची नोंद तिच्यातच असते आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या विनामूल्य प्रणालीने ती दुकानातच पाहता येते. कौटुंबिक छायाचित्रे व महत्त्वाची कागदपत्रे ठेवण्यासाठी जुनी डिस्क घेऊ नये, हे त्याहून सोपे.

वीज, उष्मा आणि खारी हवा

ग्राहक प्रोसेसरच्या वेगाविषयी तासभर चर्चा करतो आणि एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठा करणारा भाग, कॅबिनेटसोबत जो येईल तो स्वीकारतो. बाजारातील हा सर्वांत महागडा गैरसमज म्हणावा लागेल. एसएमपीएस बिघडताना कधी कधी मदरबोर्ड आणि डिस्कही सोबत नेतो. कॅबिनेटसह अत्यल्प किमतीत मिळणाऱ्या एसएमपीएसवर छापलेले वॅटचे आकडे विश्वसनीय असतातच असे नाही. ‘८० प्लस’ हे चिन्ह असलेला भाग २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमतेच्या कसोटीस उतरलेला असतो. ग्राफिक कार्ड नसलेल्या संगणकाला नामांकित कंपनीचा ४५० वॅटचा एसएमपीएस पुरून उरतो.

चेन्नईसारख्या शहरात या भागाला अधिक सोसावे लागते. मे महिन्यातील ‘अग्नी नक्षत्रम्’ या सुमारे साडेतीन आठवड्यांच्या काळात पारा ४० अंशांपलीकडे जातो. शहरात ३१ मे २००३ रोजी ४५ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. एसएमपीएस व मदरबोर्डवरील इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की साधारणतः निम्म्यावर येते, असा अभियांत्रिकीतील ठोकताळा आहे. संगणक बंदिस्त टेबलाच्या कप्प्यात कोंबून ठेवण्याची पद्धत म्हणूनच घातक आहे. समुद्रालगतच्या बेसंट नगर किंवा तिरुवान्मियूर या भागांत खाऱ्या, दमट हवेने जोडणीच्या पिनांवर गंज चढतो. रत्नागिरी, मालवण वा पणजीच्या रहिवाशांना हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. संगणक दीर्घकाळ बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालवल्यास आतील उबेने ओलावा कमी होतो.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येतात, ही आणखी एक सर्वत्र ऐकू येणारी तक्रार. त्यासाठी दुकानदाराला दोष दिला जातो. वास्तविक बऱ्याचदा दोष घरातील अर्थिंगचा असतो. एसएमपीएसच्या आतील गाळणी कपॅसिटरमधून अत्यल्प विद्युतप्रवाह पत्र्यापर्यंत येतो आणि अर्थिंगच्या तारेने जमिनीत जाणे अपेक्षित असते. तिसऱ्या पिनेला तारच जोडलेली नसेल, तर तो स्पर्श करणाऱ्या व्यक्तीच्या शरीरातून वाट शोधतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खुपसल्यासही हेच घडते. संगणक आणण्यापूर्वी वायरमनकडून अर्थिंग तपासून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांतील भेद समजून घ्यावा. ६०० व्हीए क्षमतेचा घरगुती यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपासच भार पेलतो. वीज गेल्यावर काम सुरू ठेवणे हा त्याचा हेतू नसून, दहा-पंधरा मिनिटांत काम जतन करून संगणक व्यवस्थित बंद करता यावा, एवढाच आहे. घरात इन्व्हर्टर असल्यास त्यावरील बटण ‘यूपीएस’ या स्थितीत ठेवावे; अन्यथा वीज गेल्यापासून इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणात संगणक बंद पडतो. चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर आधुनिक एसएमपीएस अडखळू शकतात. साइन लहरीचा इन्व्हर्टर त्या दृष्टीने सुरक्षित ठरतो. यूपीएस, अडॅप्टर आणि मॉनिटर यांसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी अनिवार्य आहे. वस्तूवर मानक चिन्हासोबत ‘आर’ अक्षराने सुरू होणारा आठ अंकी क्रमांक असतो, तो पाहून घ्यावा.

डिसेंबर २०१५ च्या महापुरात आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी वेलच्चेरी, मुडिचूर यांसारख्या भागांत तळमजल्यांवर पाणी शिरले. अशा प्रसंगी जमिनीवर ठेवलेले कॅबिनेट आधी बुडते. भिजलेला संगणक ‘चालतो का पाहू’ म्हणून सुरू करणे ही सर्वांत मोठी चूक होय; ओल्या मंडळात वीज खेळली की वाचू शकणारी डिस्कही हातची जाते. वीजजोडणी काढून डिस्क वेगळी करावी आणि तीतील माहिती मोलाची असल्यास माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडेच सोपवावी. पावसाळ्यापूर्वी कॅबिनेट टेबलावर चढवणे याला कोणताही खर्च येत नाही.

जुना संगणक ठेवावा की बदलावा

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० साठीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षाविषयक मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवण्यात आली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि सर्वसाधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील, अथवा एएमडीचा रायझन २००० मालिकेतील वा नंतरचा प्रोसेसर लागतो. सुस्थितीतील अनेक संगणक केवळ या अटीमुळे कालबाह्य ठरवले गेले. नवा संगणक घेण्याचा सल्ला मिळाल्यास प्रथम बायोसमध्ये टीपीएमची सोय बंद तर ठेवलेली नाही ना, हे पाहावे. बऱ्याच मदरबोर्डवर ती असते, केवळ सुरू केलेली नसते.

प्रोसेसरच जुना असेल, तर लिनक्सचा पर्याय उरतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या शासकीय संस्थेच्या चेन्नई केंद्राने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ ही प्रणाली विकसित केली असून, २००७ पासून ती उपलब्ध झाली. तीत मराठी आणि तमिळसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. पत्रलेखन आणि इंटरनेट एवढाच वापर असलेल्या घरात, एसएसडी बसवलेला जुना संगणक अशा प्रणालीवर आणखी काही वर्षे समाधानकारक चालू शकतो. मात्र लेखापालन वा शाळेची एखादी विशिष्ट प्रणाली केवळ विंडोजवरच चालते का, याची चौकशी आधी करावी.

व्यवहार पूर्ण करताना पक्के बिल घेणे अत्यावश्यक आहे. संगणकाच्या भागांवरील १८ टक्के जीएसटी वाचवण्यासाठी बिलाविना वस्तू घेण्याचे आमिष दाखवले जाते. तथापि वॉरंटीसाठी कंपनीचे सेवा केंद्र बिलच मागते. बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि दुकानातच तो वस्तूवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. जोडणी समोर उभे राहून करून घेतल्यास खोक्यातील भाग आणि कॅबिनेटमधील भाग एकच असल्याची खात्री पटते. सर्व रिकामी खोकी घरी न्यावीत, कारण काही कंपन्या वॉरंटीच्या वेळी त्यावरील पट्टी मागतात.

जुन्या भागांची विल्हेवाट हाही याच खरेदीचा भाग आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असे साहित्य नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. यूपीएसची शिशाची बॅटरी नव्या बॅटरीच्या किमतीत सूट घेऊन दुकानदाराकडे परत करता येते. जुनी डिस्क देण्यापूर्वी मात्र तीतील मजकूर पूर्णतः पुसावा. केवळ फाइली डिलीट केल्याने तो नाहीसा होत नाही.