गुडघ्याच्या दुखापतीनंतर पुन्हा मैदानात कधी? ‘९० टक्के’ म्हणजे नेमकं काय?

सांगलीची स्मृती मानधना जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बिग बॅशमध्ये खेळताना जखमी झाली. गुडघ्यातला एसीएल, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून बांधून ठेवणारा लिगामेंट, दुखावला. साधारण पाच महिन्यांनी, २४ जूनला, विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध तिने ९० धावा केल्या. पण प्रत्येक दुखापत वेगळी असते. मालगुंडच्या मैदानात चढाई करणाऱ्या कबड्डीपटूने तिचं कॅलेंडर आपल्या गुडघ्याला लावू नये. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर तर किमान नऊ महिने थांबा, असंच आज सांगितलं जातं.

फक्त महिने मोजूनही भागत नाही. दोन्ही पायांची बरोबरी तपासतात. सर्वांत सोपी चाचणी आपल्या लंगडीसारखी : एका पायावर उभं राहून पुढे उडी मारायची, त्याच पायावर उतरून स्थिर व्हायचं आणि अंतर मोजायचं. सलग तीन उड्या, रेषेच्या आलटून-पालटून दोन्ही बाजूंना उड्या आणि सहा मीटर लंगडीची वेळ, अशा आणखी तीन चाचण्या असतात. सोबत मांडीच्या स्नायूंची ताकद मोजतात. दुखऱ्या पायाचा आकडा चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवा.

डेलावेअर-ओस्लो इथल्या संशोधकांच्या २०१६ च्या अभ्यासात, चाचण्या पार न करता जोरकस खेळांत परतलेल्यांपैकी ३८.२ टक्के खेळाडूंचा गुडघा दोन वर्षांत पुन्हा दुखावला. पार केलेल्यांमध्ये हे प्रमाण ५.६ टक्के होतं.

पण या ९० मध्ये एक फसगत आहे. घरी बसल्यावर चांगला पायही कमजोर होतो. समजा, दुखापतीआधी मुलगी १५० सेंटिमीटर उडी मारायची. आता चांगला पाय १३०, दुखरा १२०. हिशेबाने ९२ टक्के, म्हणजे पास! पण जुन्या १५० शी ताडलं तर फक्त ८०. शिवाय उडी लांब गेली तरी गुडघ्याचं काम कंबर आणि घोटा उचलत असू शकतात. मोजपट्टीला ते दिसत नाही. म्हणून उतरताना गुडघा आत वळतो का, हे फिजिओ बघतो.

यावर गावातल्या संघालाही जमेल असा उपाय आहे. हंगामाच्या सुरुवातीला, सगळे धडधाकट असतानाच, प्रत्येकाच्या दोन्ही पायांची उडी मोजून वहीत लिहून ठेवायची. खडू आणि मोजपट्टी पुरते. दुखापतीनंतर मात्र डॉक्टर किंवा फिजिओने सांगितल्याशिवाय ही उडी घरी करून बघू नका.